अमेरिकेतला एक सौदा : मुरलेला गडी की कोवळं पोर?



आज मी तुम्हांला एका सौद्याची हकीगत सांगणार आहे. सौदा दूरदेशचा, अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातला. आणि तो झाला बेसबॉल नावाच्या खेळात. तुम्ही म्हणाल, आम्हांला क्रिकेट कळतं, कबड्डी कळते, कुस्ती तर आमच्या तालमीतली. हा बेसबॉल आमच्या काय कामाचा? पण जरा थांबा. खेळ परका असला तरी त्यातला पेच परका नाही. वापसा आलाय, तिफण बांधावर उभी आहे, आणि ऐन वेळी जोडीतला एक बैल बसला. शेजारगावी एक जुळलेला, कामाला मुरलेला बैल मिळतोय, पण त्याचा धनी म्हणतो, "पैसा नको, तुमच्या गोठ्यातला तो आदत खोंड द्या." काय कराल? खोंड जपाल, की पेरणी साधाल? डेट्रॉइटच्या लोकांपुढं १९८७ साली नेमका हाच प्रश्न उभा राहिला. फक्त तिथं बैल नव्हते, माणसं होती.

आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ. बेसबॉलमध्येही चेंडू आहे, दांडकं आहे, धावा आहेत. एकेका बाजूला नऊ गडी. तीन गडी बाद झाले की बाजू पालटायची, आणि असे नऊ डाव झाले की सामना पुरा. क्रिकेटमध्ये गोलंदाज सहा चेंडू टाकतो आणि चेंडू दुसऱ्याच्या हाती देतो. इथं तसं नाही. चेंडू फेकणाऱ्या गड्याला पिचर म्हणतात. जो पिचर सामना सुरू करतो, तो दमेपर्यंत किंवा मार खाईपर्यंत एकटाच फेकत राहतो. मैदानात मातीचा लहानसा उंचवटा असतो. तिथून साठ फूट सहा इंचांवर फलंदाज उभा. चेंडूचा टप्पा पाडायचा नाही. तो हवेतूनच, कधी सुसाट, कधी फसवा हळू, कधी वळण घेत गेला पाहिजे.

एवढं काम एका हातानं रोज होत नाही. एक दिवस फेकलं की साधारण चार दिवस हाताला विश्रांती द्यावी लागते. म्हणून संघाजवळ सामना सुरू करणारे चार-पाच पिचर असावे लागतात, आणि ते पाळीपाळीनं मैदानात उतरतात. हंगाम केवढा म्हणाल, तर तब्बल १६२ सामने! आता हिशेब तुम्हीच करा. पाचांतला एक पिचर ढिला पडला, तर दर पाचव्या दिवशी संघ लंगडा. म्हणूनच हंगाम अर्ध्यावर आला, की जेतेपदाच्या जवळ असलेला प्रत्येक संघ चांगला पिचर कुठं मिळतो का, ते शोधू लागतो.

पिचरची पारख दोन आकड्यांवर करतात. एक, त्यानं सामने जिंकले किती आणि हरले किती. दुसरा, दर नऊ डावांमागं त्याच्या खात्यावर सरासरी किती धावा पडल्या. ही सरासरी तीनच्या आत असली तर पिचर उत्तम. पाचाच्या वर गेली तर कपाळाला आठी. हे दोन आकडे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येतील.

आता सौदा म्हणजे काय, तेही सांगतो. तिथं खेळाडू क्लबाशी करारानं बांधलेला असतो, आणि दोन क्लब आपसांत खेळाडूंची अदलाबदल करू शकतात. बहुतेक वेळा खेळाडूला विचारतही नाहीत. काल या गावचा, आज त्या गावचा. आणि हे केवळ खेळाडूंपुरतंच आहे असं समजू नका. अर्नी हारवेल नावाचे एक रेडिओवरचे समालोचक होते. १९४८ साली ते अटलांटा शहरातल्या क्लबाच्या सामन्यांचं वर्णन करीत. ब्रुकलिनच्या क्लबाला त्यांचा आवाज हवा होता. अटलांटाचा मालक म्हणाला, आमचा समालोचक नेता, तर त्याच्या बदल्यात एक खेळाडू द्या. आणि खरोखरच क्लिफ डॅपर नावाचा खेळाडू देऊन हारवेलना नेण्यात आलं! आवाजाच्या बदल्यात गडी! हेच हारवेल १९६० साली डेट्रॉइटला आले आणि त्या शहराचा आवाज होऊन बसले. आपल्या गोष्टीच्या वेळी, म्हणजे १९८७ सालीही, डेट्रॉइटच्या घराघरांत सामना पोचायचा तो त्यांच्याच तोंडून.

डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचं शहर. तिथल्या संघाचं नाव टायगर्स, म्हणजे वाघ. १९८४ साली या वाघांनी वर्ल्ड सीरिज, म्हणजे त्या खेळातलं सर्वांत मोठं जेतेपद, जिंकलं होतं. १९८७ चा हंगाम मात्र रडतखडत सुरू झाला. पुढं संघ सावरला, चढत चढत वर आला, आणि ऑगस्ट उजाडला तेव्हा कॅनडातल्या टोरांटोच्या संघाशी त्याची चुरस लागली होती. त्या काळी नियम कडक होता. सात संघांच्या गटातून पहिला आलेला एकच संघ पुढच्या फेरीत जाई. दुसऱ्याला काही नाही. सहा महिने राबून एका सामन्यानं मागं राहिलात, तर सरळ घरी!

अशा वेळी, १२ ऑगस्ट १९८७ रोजी, सौदा झाला. डेट्रॉइटनं अटलांटाकडून डॉइल अलेक्झांडर हा पिचर घेतला. वय छत्तीस, सदतिसावं लागायला महिनाही उरला नव्हता. या खेळात हे वय उतरतीचं. पूर्वी अनेक क्लबांचं पाणी प्यालेला, टोरांटोकडूनही खेळलेला गडी. तिथं १९८४ आणि १९८५ साली त्यानं प्रत्येकी सतरा सामने जिंकले होते. वेग फारसा नाही, पण नेम पक्का आणि फसवण्याची कला अंगात मुरलेली. त्या वर्षी अटलांटाकडून मात्र त्याचा हिशेब होता पाच विजय आणि दहा पराभव.

बदल्यात डेट्रॉइटनं दिला जॉन स्मोल्ट्झ. वय वीस. हा पोरगा मिशिगन राज्याचाच. लान्सिंग गावात वाढलेला, लहानपणापासून टायगर्सचा भक्त. त्याचे आजोबा तर टायगर्सच्या मैदानावरच कामाला होते. हात वेगवान, पण चेंडूवर ताबा नाही. खालच्या दर्जाच्या स्पर्धेत त्या वर्षी चार विजय, दहा पराभव, आणि सरासरी ५.६८. पाचाच्या वर, म्हणजे कपाळाला आठी!

तर श्रोतेहो, आता आपणच डेट्रॉइटमध्ये एखाद्या ओट्यावर बसलोय असं समजा. ऑगस्टची संध्याकाळ आहे, रेडिओ चालू आहे, आणि बातमी आली आहे. चाहत्यांना निर्णयाचा अधिकार नाही. पण तोलून पाहायला कोण अडवतंय?

एक म्हणेल, "सौदा झकास. आपले बरेचसे मोठे गडी तिशी ओलांडून गेलेत. हा संघ पुढच्या दोन वर्षांत म्हातारा होणार. जे काही साधायचं ते याच साली. आणि द्यायचं काय, तर दहा सामने हरलेलं पोर! अशी पोरं दर वर्षी येतात आणि जातात."

दुसरा म्हणेल, "अहो, पण घेतलाय तो तरी कोण? तोही दहा सामने हरलेलाच. छत्तिशीचा. दोन महिने खेळेल, फार तर दोन वर्षं. आणि दिलाय तो आपल्या मातीतला पोर. त्याच्यापुढं पंधरा-वीस वर्षं आहेत. आकडे वाईट म्हणता? विसाव्या वर्षी कुणाचे आकडे चांगले असतात?"

तिसरा एखादा म्हातारा म्हणेल, "मला पंधरा वर्षांनंतरचं काही सांगू नका. तेव्हा मी असेन की नसेन. मला या ऑक्टोबरात आपला संघ वर दिसला पाहिजे."

आणि यातलं कुणाचं खोटं म्हणाल? तिघांचंही बरोबर आहे. चाहत्याची गोष्ट अशी असते, की त्याला अदलाबदल करता येत नाही. क्लब खेळाडू बदलील, खेळाडू क्लब बदलील. चाहता मात्र जन्मभर त्याच गावाला बांधलेला. म्हणून सौद्यातला तोटा शेवटी त्याच्याच पदरी पडतो.

पुढं काय झालं ते ऐका. अलेक्झांडरनं डेट्रॉइटसाठी अकरा सामने सुरू केले. त्यांतले नऊ त्याच्या नावावर विजय म्हणून लागले, पराभव एकही नाही. सरासरी १.५३! हंगाम संपायला जेमतेम आठवडा उरला असताना टोरांटो साडेतीन सामन्यांनी पुढं होतं. २७ सप्टेंबरला अलेक्झांडरनं टोरांटोविरुद्ध दहा डावांच्याही पुढं एकट्यानं चेंडू फेकला, आणि तो सामना डेट्रॉइटनं तेराव्या डावात जिंकला. तिथून चक्र फिरलं. शेवटचे तीन सामने डेट्रॉइटमध्ये, समोर तेच टोरांटो. पहिला अलेक्झांडरनं ४-३ असा जिंकला, दुसरा ३-२, आणि ४ ऑक्टोबरला शेवटचा १-० असा! डेट्रॉइटचे विजय ९८, टोरांटोचे ९६. त्या नऊ विजयांतले तीन जरी उलटे गेले असते, तरी सगळं मुसळ केरात होतं. त्या दिवशी डेट्रॉइटमध्ये कुणी या सौद्याला नाव ठेवलं असतं, तर त्याला ओट्यावरून उठवलं असतं.

पण पुढच्याच आठवड्यात नशीब पालटलं. पुढच्या फेरीत मिनेसोटाच्या संघानं डेट्रॉइटला चार विरुद्ध एक असं हरवलं, आणि त्यांतले दोन सामने अलेक्झांडरच हरला.

१९८८ साली काय? अलेक्झांडरचे चौदा विजय. डेट्रॉइट अवघ्या एका सामन्यानं मागं राहिलं. स्मोल्ट्झ त्याच वर्षी अटलांटाच्या मुख्य संघात आला. त्याचे दोन विजय, सात पराभव. म्हणजे सौद्याला वर्ष उलटलं तरी तराजू डेट्रॉइटकडेच झुकलेला. १९८९ साली मात्र अलेक्झांडर सहा जिंकला, अठरा हरला, आणि त्याचा खेळ तिथंच संपला. डेट्रॉइटचा संघ त्या वर्षी १०३ सामने हरला. आणि स्मोल्ट्झ? सरासरी २.९४. पोर मार्गी लागलं!

पुढची हकीगत ऐकताना डेट्रॉइटवाल्यांच्या पोटात काय होत असेल, ते बघा. २७ ऑक्टोबर १९९१, वर्ल्ड सीरिजचा शेवटचा, सातवा सामना. अटलांटाकडून स्मोल्ट्झ, मिनेसोटाकडून जॅक मॉरिस. मॉरिस कोण, तर चौदा हंगाम डेट्रॉइटकडून खेळलेला पिचर. एक डेट्रॉइटनं दिलेला, दुसरा डेट्रॉइट सोडून गेलेला. आणि जगातला सर्वांत मोठा सामना त्या दोघांच्या हाती! स्मोल्ट्झनं सात डावांहून अधिक चेंडू फेकून एकही धाव दिली नाही. मॉरिसनं दहा डाव फेकले, त्यानंही दिली नाही. शेवटी मिनेसोटानं १-० असा सामना जिंकला. १९९५ साली अटलांटानं वर्ल्ड सीरिज जिंकली. १९९६ साली स्मोल्ट्झचे चोवीस विजय, आणि वर्षाच्या सर्वोत्तम पिचरला मिळणारं साय यंग पारितोषिक. पुढं कोपराची शस्त्रक्रिया झाली, २००० चा हंगाम सगळा गेला. तरी गडी परतला. एकंदर २१३ विजय त्याच्या नावावर आहेत, आणि २०१५ साली त्या खेळाच्या मानाच्या दालनात, हॉल ऑफ फेममध्ये, त्याचं नाव लागलं. डेट्रॉइटला मात्र १९८७ नंतर पुढच्या फेरीचं दार उघडायला २००६ साल उजाडावं लागलं. एकोणीस वर्षं!

आता सांगा, सौदा चांगला की वाईट? १९८७ च्या ऑक्टोबरातल्या पहिल्या रविवारी विचाराल तर उत्तर वेगळं. १९८९ मध्ये वेगळं. १९९६ मध्ये वेगळं. सौदा तोच, पण कोणत्या तारखेला उभं राहून पाहता, त्यावर निवाडा ठरतो. आणि इथंच आपण बहुतेक जण फसतो. फळ पाहून निर्णयाला शहाणा किंवा मूर्ख म्हणतो. ज्यानं निर्णय घेतला त्याच्याजवळ त्या दिवशी काय माहिती होती, हे विचारायचं राहूनच जातं.

याची दुसरी बाजू दाखवणारा आणखी एक सौदा सांगतो. १५ जून १९६४ रोजी शिकागोच्या कब्ज संघानं सेंट लुईसकडून अर्नी ब्रोग्लिओ हा पिचर घेतला. एकूण सहा खेळाडूंची ती अदलाबदल होती. ब्रोग्लिओनं आदल्याच वर्षी अठरा सामने जिंकले होते, आणि वय तिशीच्या आत. बदल्यात गेला लू ब्रॉक, म्हणावा तसा चमक न दाखवलेला तरुण फलंदाज. शिकागोच्या वर्तमानपत्रांतून सौद्याचं कौतुक झालं. आकडे पाहिले तर कुणीही तेच केलं असतं. पण ब्रोग्लिओचा कोपर दुखावलेला होता. शिकागोकडून तो तीन हंगामांत मिळून सात सामने जिंकला आणि एकोणीस हरला. ब्रॉक मात्र सेंट लुईसला जाताच पेटला. त्याच वर्षी सेंट लुईसनं वर्ल्ड सीरिज जिंकली, आणि पुढं ब्रॉकही मानाच्या दालनात गेला. शिकागो त्या वर्षी आठव्या स्थानावर राहिलं. अमेरिकेत फसलेल्या सौद्याला आजही ‘ब्रॉकच्या बदल्यात ब्रोग्लिओ’ असं म्हणतात.

हे दोन सौदे शेजारी ठेवून पाहा. वरवर दोन्ही सारखे: नावाजलेला पिचर घेतला, कच्चा गडी दिला, आणि कच्चा गडी मोठा झाला. पण डेट्रॉइटला जे घ्यायचं होतं ते मिळालं. पेरणी साधली. शिकागोची पेरणीही गेली आणि खोंडही गेला. लोक म्हणतात, मुरलेला गडी म्हणजे खात्री आणि कोवळं पोर म्हणजे जुगार. खरं पाहता दोन्हीकडे जोखीमच आहे. मुरलेल्या बैलाचाही पाय आतून दुखावलेला असू शकतो. बाजारात दात दिसतात, सांध्यातलं दुखणं दिसत नाही.

मग तोलायचं तरी कसं? मला वाटतं, तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, आपण फळाच्या किती जवळ आहोत. डेट्रॉइटच्या हाताला फांदी लागत होती, थोडी उडी कमी पडत होती. अशा वेळी उद्याचं काही देऊन आज घेण्यात अर्थ आहे. जो संघ मुळातच मागं आहे त्यानं आजच्यासाठी उद्या विकला, तर दोन्हींकडून नागवला. दुसरी, जे घेतो त्याची आतून तपासणी. नुसत्या नावावर जाऊ नये. आणि तिसरी, जे देतो त्याची किंमत आपल्याला खरोखर ठाऊक आहे का?

या तिसऱ्या गोष्टीवर मी विशेष बोट ठेवतो. डेट्रॉइटनं अलेक्झांडर घेतला, यात मला चूक दिसत नाही. त्या दिवशीच्या उजेडात तो निर्णय बरोबरच होता, आणि त्यानं गटाचं जेतेपद पदरात टाकलं. पण चार विजय आणि दहा पराभव हा आकडा खरा असूनही अपुरा होता. तो आज काय झालं ते सांगत होता. हातात काय दडलंय ते सांगत नव्हता. तो आकडा डेट्रॉइटनं पाहिला आणि अटलांटानंही पाहिला. फरक एवढाच, की अटलांटानं आकड्याबरोबर पोराचा हातही पाहिला.

शिक्षक बंधू-भगिनींना यावर जास्त सांगायला नको. सहामाहीच्या गुणपत्रकावर दहा लाल रेघा असलेला मुलगा तुमच्याही वर्गात बसलेला असतो. रेघा खोट्या नसतात. पण त्या सहामाहीच्या असतात. आणि शेतकरी बांधवांना तर मी काय सांगणार? घरातल्या कणगीतलं कोणतं धान्य खायचं आणि कोणतं बियाण्याला राखायचं, हा हिशेब तुम्ही दर साली करता. कधी असंही साल येतं, की बियाण्यालाही हात घालावा लागतो. घालावा, त्यात कमीपणा नाही. फक्त आपण बियाणं खातोय, हे जाणून घालावा.

डेट्रॉइटचे चाहते अजूनही या सौद्यावर वाद घालतात. कुणी ते नऊ विजय मोजतो, कुणी दोनशे तेरा. तुम्ही त्या ओट्यावर असता, तर कोणत्या बाजूला बसला असता? मुलांना घेऊन बसा, ही हकीगत त्यांना सांगा, आणि त्यांचा निवाडा विचारा. मात्र एक अट घाला: पुढचं काय झालं ते सांगण्याआधी विचारा. बारा ऑगस्टलाच थांबा, आणि मग म्हणा, "बोला, द्यायचा का पोरगा?"